श्वासमार्गातील जनुकांना गप्प करायचे की संशोधनाला?

सिस्टिक फायब्रोसिसबद्दल अधिकारवाणीने बोलणाऱ्यांमध्ये गेल्या काही वर्षांत एक मत घट्ट रुजले आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रायकाफ्टा ही तीन औषधांची एकत्रित गोळी मंजूर झाली, रुग्णांची फुप्फुसे सुधारली, इस्पितळाच्या फेऱ्या घटल्या आणि या आजाराचा प्रश्न तत्त्वतः मिटला, असे हे मत सांगते. उरलेसुरले काम सदोष जनुकाच्या जागी निर्दोष जनुक पोचवणारे उपचार करतील. मग श्वासमार्गाच्या पेशींमधली दुसरीच जनुके गप्प करण्याचा, म्हणजे जनुक-शमनाचा, उद्योग कशासाठी? तो करून झाला, फसला, आता त्यावर पैसा आणि माणसांची वर्षे खर्च करू नयेत. गुंतवणूकदार असे म्हणतात तेव्हा त्यांचा हिशेब समजू शकतो. डॉक्टर आणि संशोधकही तेच म्हणू लागतात, तेव्हा त्याला उत्तर द्यावेच लागते.

कारण हे मत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवते. काही औषधे चाचणीत अपयशी ठरली, ही एक. ज्या कल्पनेवर ती उभी होती ती कल्पना खोटी ठरली, ही दुसरी. आणि आता गरजच उरली नाही, ही तिसरी. पहिली खरी आहे. उरलेल्या दोन खऱ्या नाहीत.

आधी आजाराची घडण. १९८९ मध्ये टोरांटोचे लॅप-ची त्सुई व जॅक रिऑर्डन आणि मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी सातव्या गुणसूत्रावर सीएफटीआर हे जनुक शोधून काढले. त्यापासून १,४८० अमिनो आम्लांचे एक प्रथिन बनते आणि पेशीच्या पृष्ठभागावर बसून ते क्लोराइड व बायकार्बोनेट यांना बाहेर पडायला वाट देते. ही वाट बंद पडली की श्वासमार्गाच्या अस्तरावरचा पाण्याचा पातळ थर बिघडतो, कफ चिकट आणि घट्ट होतो, त्याला वर ढकलणारे सूक्ष्म रोम त्याच्याखाली दबतात आणि अडकलेल्या कफात जंतू ठाण मांडतात. स्वादुपिंडाच्या नलिका तुंबतात, घाम खारट होतो, मूल खाऊनही वाढत नाही. पण बहुतेक रुग्णांचा जीव जातो तो फुप्फुसांमुळे.

पहिला आक्षेप इथेच घेतला जातो. बिघाड सीएफटीआरमध्ये, मग हात दुसऱ्या जनुकाला का लावायचा? ऐकायला हा प्रश्न बिनतोड वाटतो. पण श्वासमार्गाची पेशी एकाच प्रथिनावर चालत नाही. पाण्याच्या त्या थराची जाडी आणि त्याची आम्लता अनेक वाटा आणि पंप मिळून ठरवतात. सीएफटीआर मीठ-पाणी बाहेर जाऊ देते, तर ईनॅक नावाची सोडियमची वाट ते आत ओढून घेते. समतोल राखणाऱ्या दोन बाजूंपैकी एक लुळी पडली असेल, तर दुसरीचा जोर कमी करणे हा आडमार्ग कसा ठरतो? रक्तदाबापासून मधुमेहापर्यंत वैद्यक हेच करत आले आहे.

शिवाय ही कल्पना कुणाच्या मनातली आकडेमोड नाही. उत्तर कॅरोलिनातील मायकेल नोल्स आणि रिचर्ड बाउचर यांनी १९८१ मध्येच दाखवले होते, की या रुग्णांच्या नाकाच्या आणि श्वासमार्गाच्या अस्तरावरचा विद्युत-दाब निरोगी माणसांपेक्षा जास्त असतो आणि सोडियमची वाट रोखणारे अमिलोराइड लावले की तो मोठ्या प्रमाणात उतरतो. २००४ मध्ये मार्कस माल आणि सहकाऱ्यांनी उलट दिशेने कसोटी घेतली. त्यांनी उंदरांच्या श्वासमार्गात ईनॅकचा एक भाग गरजेपेक्षा जास्त बनवायला लावला. सीएफटीआर शाबूत असूनही त्या उंदरांचे श्वासमार्ग कफाने तुंबले, दाह झाला आणि पुष्कळ पिल्ले दगावली. म्हणजे एकट्या ईनॅकच्या अतिरेकातून सिस्टिक फायब्रोसिससारखे फुप्फुस तयार झाले. आणि निसर्गानेच केलेला माणसांमधला प्रयोग १९९९ मध्ये नोंदवला गेला. ज्यांच्यात जन्मतः ईनॅक काम करत नाही, अशा स्यूडोहायपोअल्डोस्टेरॉनिझम या दुर्मीळ विकाराच्या रुग्णांमध्ये श्वासमार्गातले पाणी जास्त असते आणि कफ बाहेर टाकण्याचा वेग निरोगी माणसांच्या सुमारे चौपट असतो.

उंदीर, पेशी आणि माणूस तिघेही एकच सांगत असताना ‘भलत्याच जनुकाला हात का’ हा प्रश्न कुठे उरतो?

काही अभ्यासक इथे अधिक अवघड मुद्दा काढतात. आयोवा विद्यापीठात मायकेल वेल्श यांच्या गटाने हा आजार असलेली डुकरे अभ्यासली. डुकराची फुप्फुसे माणसाच्या जवळची. त्या डुकरांच्या श्वासमार्गात सोडियमचे शोषण वाढलेले दिसले नाही. मग ईनॅकवरचा सगळा डोलारा कोसळला ना? अजिबात नाही. कारण त्याच आयोवातून २०१६ मध्ये आलेले उत्तर जनुक-शमनाच्या बाजूने अधिक ठाम बोलते.

हा किस्सा सविस्तर सांगण्यासारखा आहे. सीएफटीआर काढून टाकलेल्या उंदरांना माणसासारखा फुप्फुसाचा आजार होत नाही, हे कोडे संशोधकांना वर्षानुवर्षे सुटत नव्हते. आयोवाच्या गटाला त्याचे कारण एटीपी१२ए नावाच्या पंपात सापडले. हा पंप श्वासमार्गातल्या पाण्यात आम्ल सोडतो. माणसात आणि डुकरात तो भरपूर असतो, उंदराच्या श्वासमार्गात जवळपास नसतोच. निरोगी माणसात सीएफटीआरमधून येणारे बायकार्बोनेट ते आम्ल मारते. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये बायकार्बोनेट येत नाही, पंप मात्र आम्ल ओततच राहतो. पाणी आंबट होते, जंतू मारणारी आपली नैसर्गिक प्रथिने मंदावतात आणि कफ घट्ट होतो. संशोधकांनी हा पंप आजारी उंदरांच्या श्वासमार्गात घातला, तेव्हा त्यांच्यातही आम्लता वाढली आणि जंतू माजले. माणसांच्या आणि डुकरांच्या आजारी अस्तरात तो रोखला, तेव्हा आम्लता उतरली.

आता या वादाकडे नीट पाहावे. मूळ दोष पाणी कमी पडण्यात आहे असे मानणाऱ्यांसाठी ईनॅकचे शमन उपयोगी. मूळ दोष आम्लतेत आहे असे मानणाऱ्यांसाठी एटीपी१२एचे शमन उपयोगी. वाद कोणीही जिंको, उपाय श्वासमार्गाच्या पेशीतले एक चालू जनुक मंद करण्याकडेच नेतो. आणि एटीपी१२एच्या बाबतीत तर साध्या औषधापेक्षा शमन अधिक समंजस. प्रयोगशाळेत हा पंप रोखायला वापरतात ते औबेन हृदयाच्या आणि शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीच्या सोडियम-पोटॅशियम पंपालाही रोखते, कारण दोन्ही पंपांची ठेवण सारखी आहे. रासायनिक रेणूला या भावंडांत फरक करणे कठीण जाते. आरएनएचा तुकडा मात्र जनुकाचा मजकूर अक्षरशः वाचतो. दोन प्रथिने दिसायला सारखी असली तरी त्यांचे मजकूर वेगळे असतात आणि तेवढा फरक त्याला पुरतो.

जनुक-शमन म्हणजे काहीतरी कायमचे आणि भयंकर, अशीही एक भीती पसरवली जाते. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये आरएनए-हस्तक्षेपाचा शोध लावला, त्यासाठी २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. जेमतेम एकवीस अक्षरांचा दुहेरी आरएनए पेशीत गेला की पेशीतलीच यंत्रणा तो हाती घेते आणि त्याच्याशी जुळणारा संदेशवाहक आरएनए कापून टाकते. संदेश कमी झाला की प्रथिन कमी बनते. डीएनए जिथल्या तिथे राहतो. काही दिवसांनी, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परिणाम ओसरतो. ईनॅक पूर्ण बंद झाले तर धोका आहे, हे खरेच आहे. ज्या उंदरांत त्याचा मुख्य भाग जन्मतःच नव्हता ती पिल्ले फुप्फुसातले पाणी शोषता न आल्याने जन्मानंतर लवकरच दगावली, हे १९९६ पासून ठाऊक आहे. पण शमनाने जनुक पूर्ण बंद होत नाही, मंद होते. इथे नेमके तेवढेच हवे आहे. परत फिरवता येण्याजोगा, मापात ठेवता येण्याजोगा उपाय जास्त धोक्याचा आणि जनुकात कायमचा बदल करणारा उपाय कमी धोक्याचा, हे कोणते तर्कशास्त्र?

यानंतर विरोधक आपला हुकमी पत्ता काढतात: चाचण्या. १९९० मध्ये फवाऱ्याने दिलेल्या अमिलोराइडने आशा दाखवली, पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही. त्यानंतर जास्त काळ टिकणारी ईनॅक-रोधक औषधे आली. व्हीएक्स-३७१चा उपयोग झाला नाही. बोहरिंगर इंगेलहाइमने आपल्या औषधाची दुसऱ्या टप्प्याची चाचणी मध्येच थांबवली. दुसऱ्या एका औषधाने रक्तातले पोटॅशियम वाढवले. मग आणखी किती वेळा तोंडघशी पडायचे, असा सवाल.

अमिलोराइडचे उत्तर सोपे आहे. श्वासमार्गातून ते इतक्या झपाट्याने शोषले जाते, की दिवसातून चार वेळा फवारा घेऊनही बहुतांश वेळ पेशीवर औषध नसतेच. नंतरच्या औषधांचे अपयश इतक्या सहज बाजूला सारता येत नाही आणि सारूही नये. पण त्यातून निष्कर्ष कोणता काढायचा? माल यांच्याच उंदरांवर २००८ मध्ये झालेला एक अभ्यास या चर्चेत कुणी आठवतच नाही. त्या उंदरांना जन्मापासून अमिलोराइड दिले तेव्हा आजार आणि मृत्यू दोन्ही घटले. आजार जडल्यावर मोठेपणी तेच औषध दिले, तेव्हा काही उपयोग झाला नाही. आणि माणसांवरच्या चाचण्या कुणावर झाल्या? ज्यांची फुप्फुसे आधीच झिजली आहेत, श्वासनलिका कायमच्या फुगल्या आहेत, जंतूंनी ज्यांच्यात वर्षानुवर्षे बिऱ्हाड केले आहे, अशा मोठ्यांवर, काही आठवडे. एका फुंकरीत किती हवा बाहेर पडते एवढ्यावर यश मोजले गेले. अशा चाचणीत प्रतिबंधक उपाय हरला, तर हरला कोण? उपाय की चाचणीची रचना? जन्मल्याबरोबर रक्ताच्या थेंबावरून आजार ओळखण्याची सोय अनेक देशांत आहे. प्रतिबंधाची वेळ कोणती, हे उंदरांनी सांगितले आहे. ती वेळ माणसात कधी तपासलीच नाही आणि तरी निकाल लावून टाकला.

रासायनिक रोधक आणि शमन यांत फरक आहे हेही सोयीस्करपणे विसरले जाते. रोधक वाहून जाईपर्यंत वाट अडवतो, मग वाट पुन्हा उघडते. शमन वाट बनण्याचे प्रमाणच कमी करते आणि ते आठवडे टिकू शकते. फवाऱ्याने दिलेल्या, ईनॅकविरुद्धच्या प्रतिसंवेदी न्यूक्लिक आम्लाच्या तुकड्याने उंदरांतला सिस्टिक फायब्रोसिससारखा फुप्फुसाचा आजार सौम्य होतो, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील स्टीफन हार्ट यांच्या गटाने मेदरेणू आणि पेप्टाइड यांच्या सूक्ष्म पुडीत आरएनए बांधून रुग्णांच्या श्वासमार्गातल्या पेशींत ईनॅकचे शमन केले आणि या दिशेने उपचार शक्य असल्याचे मांडले.

‘पण ॲरोहेडचे काय?’ हा प्रश्न हमखास येतो. जुलै २०२१ मध्ये ॲरोहेड कंपनीने एआरओ-ईनॅकची माणसांवरची चाचणी थांबवली, कारण दीर्घकाळ डोस दिलेल्या उंदीरजातीच्या प्राण्यांच्या फुप्फुसात दाह दिसला. थांबवणे योग्यच होते. पण ‘ईनॅक मंद केल्याने दाह झाला’ आणि ‘त्या विशिष्ट औषधाच्या, त्या मात्रेच्या, सततच्या माऱ्याने दाह झाला’ ही दोन विधाने एक नाहीत. त्याच कंपनीने त्याच प्रकारच्या रचनेची पुढची औषधे फुप्फुसातल्या इतर जनुकांसाठी माणसांना श्वासावाटे दिली. त्यांतल्या एकाने, रेज नावाच्या प्रथिनाविरुद्धच्या औषधाने, निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तातली त्या प्रथिनाची पातळी मोठ्या प्रमाणात उतरवली आणि परिणाम कित्येक आठवडे टिकला. रेज प्रामुख्याने फुप्फुसाच्या खोल वायुकोशात बनते आणि ती फुप्फुसे कफाने भरलेली नव्हती, हे लक्षात ठेवूनही एक गोष्ट निर्विवाद राहते. श्वासावाटे दिलेला आरएनए माणसाच्या फुप्फुसातल्या पेशीत शिरतो आणि काम करतो. ‘पोचतच नाही’ हे वाक्य आता कुणी उच्चारू नये.

हे वाक्य याआधीही उच्चारले गेले होते, तेही फार मोठ्या माणसांकडून. २०१० मध्ये रोशने आरएनए-हस्तक्षेपाचे संशोधन बंद केले. मर्कने २००६ मध्ये सुमारे १.१ अब्ज डॉलर मोजून घेतलेली सर्ना ही कंपनी २०१४ मध्ये त्याच्या अगदी थोड्या भागाला अल्नायलमला विकली. आरएनए पेशीत पोचवता येत नाही, विषय संपला, असे तेव्हाचे शहाणपण होते. २०१८ मध्ये याच तंत्राचे पॅटिसिरान हे औषध मंजूर झाले. पाठोपाठ गिवोसिरान, लुमासिरान, आणि कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून दोनदाच टोचायचे इन्क्लिसिरान. यकृतात पोचायची वाट सापडली आणि सगळे चित्र पालटले. रोशने सोडून दिलेली मॅडिसनची प्रयोगशाळा २०११ मध्ये ज्या छोट्या कंपनीने घेतली, तिचे नाव ॲरोहेड. फुप्फुस आज तिथे उभे आहे जिथे यकृत २०१० मध्ये उभे होते. तेव्हा घाईने निकाल देणारे चुकले, हे डोळ्यांसमोर असताना तीच घाई पुन्हा का?

सर्वांत जास्त खटकतो तो शेवटचा युक्तिवाद: गोळी आली, गरज संपली.

ट्रायकाफ्टाची किमया नाकारण्याचे कारण नाही. २०१९ च्या चाचणीत फुप्फुसाची क्षमता सुमारे १४ टक्के-बिंदूंनी वाढली आणि आजार बळावण्याचे प्रसंग ६३ टक्क्यांनी घटले. पण ही गोळी सीएफटीआर प्रथिनाची घडी सुधारते आणि त्याची वाट उघडी ठेवते. त्यासाठी प्रथिन मुळात बनायला हवे. ज्यांच्या जनुकात मध्येच पूर्णविराम पडला आहे, त्यांच्या पेशीत घडी सुधारायला काहीच नसते. अमेरिकेत अशा किंवा गोळीला न जुळणाऱ्या इतर बदलांमुळे सुरुवातीला सुमारे दहा टक्के रुग्ण गोळीबाहेर राहिले आणि आफ्रिकी, आशियाई वंशाच्या रुग्णांत बाहेर राहणाऱ्यांचे प्रमाण अधिक असते. ईनॅक किंवा एटीपी१२एच्या शमनाला रुग्णाच्या सीएफटीआरमध्ये कोणता बदल आहे याने फरक पडत नाही. सीएफटीआरमधले दोन हजारांहून अधिक बदल नोंदले गेले आहेत. त्यांतल्या ज्या बदलांमुळे आजार होतो, त्या सगळ्यांवर हा एकच मार्ग लागू पडू शकतो.

घडी सुधारण्याच्या कामातही शमनाला जागा आहे, ही बाब चर्चेतून साफ गळते. एफ५०८डेल या सर्वाधिक आढळणाऱ्या बदलात प्रथिन बनते, पण पेशीची तपासणी-यंत्रणा ते सदोष म्हणून मोडीत काढते. २००६ मध्ये विल्यम बाल्च यांच्या गटाने त्या यंत्रणेतल्या अहा१ या प्रथिनाचे शमन केले, तेव्हा अडकलेले सीएफटीआर पृष्ठभागावर पोचू लागले. २०१७ मध्ये पॅरिसमधल्या संशोधकांनी मायक्रोआरएनए-९चा दाब हटवून क्लोराइडची एक पर्यायी वाट, एएनओ१, मोकळी करून दाखवली.

मग पैशाचा प्रश्न. ट्रायकाफ्टाची अमेरिकेतली जाहीर किंमत सुरुवातीलाच वर्षाला तीन लाख डॉलरांच्या पुढे होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९४ देशांच्या अभ्यासानुसार जगात या आजाराचे सुमारे १ लाख ६२ हजार लोक असावेत. त्यांतल्या एक-तृतीयांशाहून अधिकांचे निदानच झालेले नाही आणि तीन औषधांची ही गोळी मिळत होती ती जेमतेम १२ टक्क्यांना. २०२३ च्या सुरुवातीला भारत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि युक्रेनमधली कुटुंबे या औषधाच्या सक्तीच्या परवान्यासाठी एकाच वेळी पुढे आली, ती काय हौसेने? ‘प्रश्न मिटला’ म्हणणाऱ्याने कुणाचा मिटला तेही सांगावे.

भारताच्या बाबतीत हा दावा आणखी पोकळ आहे. ‘हा गोऱ्यांचा आजार’ या समजुतीखाली आपल्याकडची मुले वर्षानुवर्षे क्षय, दमा किंवा कुपोषण यांच्या नावाखाली औषधे घेत राहिली. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. सुशील काब्रा आणि सहकाऱ्यांनी हा आजार इथेही आहे हे चिकाटीने दाखवले. त्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली: भारतीय रुग्णांत एफ५०८डेलचे प्रमाण युरोपीय रुग्णांपेक्षा बरेच कमी आहे आणि इतर दुर्मीळ बदलांची विविधता मोठी. जी औषधे मुख्यतः एफ५०८डेल समोर ठेवून घडवली, त्यांचा लाभ अशा देशाला युरोपाइतका मिळणार नाही, मग ती उद्या फुकट वाटली तरी. बदल कोणताही असो, लागू पडू शकणारा उपाय कुणाला सर्वांत जास्त हवा आहे, हे यावरून उघड आहे. आणि तोच मार्ग बंद करा असा सल्ला अशा देशांतून दिला जातो जिथल्या बहुतेक रुग्णांच्या उशाशी गोळीची डबी आहे.

चांगले जनुक पोचवणारे उपचार उद्या सगळ्यांना तारतील, हा दिलासाही पडताळून पाहण्यासारखा आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत या आजारावरचा पहिला जनुकोपचार माणसावर झाला. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये वर्षभर दरमहा फवाऱ्याने जनुक देण्याची चाचणी पूर्ण झाली, तेव्हा उपचार घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांतला फुप्फुसाच्या क्षमतेचा फरक ३.७ टक्क्यांचा होता. ते काम थांबवा असे कुणी म्हणाले नाही, आणि ते योग्यच झाले. कफाचा थर, रोमांची झाडलोट, मरून नव्याने येणाऱ्या पेशी हे सगळे अडथळे जनुक पोचवणाऱ्यालाही आहेत आणि शमन करणाऱ्यालाही. उलट शमनाचे ओझे हलके आहे. सीएफटीआरचा पूर्ण संदेश हजारो अक्षरांचा, तर शमनाचा तुकडा एकवीस अक्षरांचा. जड ओझ्याला तीस वर्षांची मुदत मिळते आणि हलक्याला दोन-तीन फसलेल्या औषधांनंतर दार बंद, हा न्याय कुठला?

जनुक-शमनाचे काम थांबू नये. निदान झालेल्या तान्ह्या मुलांत, फुप्फुसे शाबूत असतानाच, ईनॅक मंद करून कफाचा निचरा मोजणारी चाचणी व्हायला हवी. एटीपी१२एविरुद्धचा आरएनए आजारी डुकरांच्या फुप्फुसात सुरक्षित ठरतो का, हे आयोवासारख्या प्रयोगशाळांनी तपासायला हवे. गोळी ज्यांच्यासाठी बनलीच नाही, त्या पूर्णविरामी बदलांच्या रुग्णांना या चाचण्यांत पहिली जागा मिळायला हवी. आणि भारतात घामाची चाचणी व सीएफटीआरचे वाचन जिल्हा रुग्णालयातून मागवता येईल अशी सोय झाली पाहिजे, नाहीतर इथली मुले कुठल्याच चाचणीच्या यादीवर येणार नाहीत.